भारी घड्याळाचं मशीन कसं पारखावं: नवख्यांसाठी, पायरी-पायरीने

गेल्या दिवाळीत भाच्याने फोनवर एक तक्ता पाठवला. तीन घड्याळं, तीन रकाने, प्रत्येकात चार आकडे: ठोके, तास, ज्वेल्स, सेकंद. खाली प्रश्न: "मामा, यातलं कुठलं मशीन भारी?" तक्ता त्याने मन लावून केला होता, पण त्यातून काही कळत नव्हतं. बुलेट, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांचं ॲव्हरेज शेजारी-शेजारी लिहून "गाडी कुठली चांगली?" विचारावं, तसा प्रकार.

मग त्याला जे दोन-तीन बैठकांत सांगितलं, तेच इथे लिहितोय. घड्याळ घ्यायचं असो की नुसतं समजून घ्यायचं असो, प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारा: हा आकडा मिळवायला कारखान्याने काय सोडलं? मशीन असतं साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढं. कमानीत ताकदही मोजकीच असते. त्यामुळे एकीकडे वाढवलं की दुसरीकडे कुठेतरी कमी पडतंच.

पायरी १: झाकणाखाली काय आहे ते ओळखा

ज्याला कंपन्या मूव्हमेंट किंवा कॅलिबर म्हणतात, त्याला आपल्याकडचे दुरुस्तीवाले सरळ "मशीन" म्हणतात. मीही तेच म्हणणार.

चावी दिली की बॅरल नावाच्या डबीतली मुख्य कमान गुंडाळली जाते. ऑटोमॅटिकमध्ये तेच काम मागचं फिरणारं वजन, म्हणजे रोटर करतो. कमान उलगडताना ताकद चार चक्रांच्या रांगेतून एस्केपमेंटकडे जाते. एस्केपमेंट म्हणजे दरवान. एका वेळी एकच दाता पुढे सोडतो. त्याला ताल देतं ते बॅलन्स व्हील, आणि बॅलन्सला दर वेळी परत ओढून आणते ती केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग. टिकटिक ऐकू येते ती दरवानाने दाता अडवल्याची. असा एकेक "टिक" म्हणजे एक ठोका.

हे सगळं पाहायला स्विस घड्याळ लागत नाही. घरात वडिलांचं किंवा आजोबांचं चावीचं एचएमटी पडलेलं असेल तर तेच घ्या. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूला सुरू झाला. "जनता"मधलं १७ ज्वेल्सचं मशीन तासाला १८,००० ठोक्यांवर, म्हणजे सेकंदाला पाच ठोक्यांवर चालतं. ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांना मागचं झाकण उघडून द्यायला सांगा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. ते बॅलन्स श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होताना एकदा दिसलं की पुढचं सगळं सोपं जातं. भाच्याला मी सगळ्यात आधी हेच करायला लावलं. त्याला आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ आठवत होतं, मशीन कधी पाहिलेलंच नव्हतं.

ज्वेल्सचं इथेच उरकतो. हे माणिक कृत्रिम असतात. १९०२ साली ओग्युस्त व्हर्नोई याने ते भट्टीत बनवण्याची रीत जाहीर केल्यापासून ते स्वस्तच आहेत. फिरत्या आसांखाली घर्षण कमी करायला ते बसवतात. चावीच्या साध्या घड्याळाला १७ पुरतात, ऑटोमॅटिकला थोडे जास्त लागतात. तुलनेच्या तक्त्यातून हा रकाना बिनदिक्कत खोडा.

पायरी २: जातीला जात लावा

मशीन कशासाठी बांधलंय ते आधी ठरवा. पाण्यात-धक्क्यात वापरायचं, शर्टाच्या बाहीखाली सरकेल इतकं पातळ, सेकंद मोजणारं क्रोनोग्राफ, की कॅलेंडर-बिलेंडर असलेलं गुंतागुंतीचं? तुलना त्या-त्या जातीतच करायची.

पातळ मशीनचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९६७ साली झाजे-लकुल्त्रने (आपल्याकडे तोंडी "जेएलसी") ९२० नावाचं ऑटोमॅटिक मशीन काढलं. जाडी २.४५ मिमी. मजा म्हणजे जेएलसीने ते स्वतःच्या नावाच्या एकाही घड्याळात वापरलं नाही. घेतलं ते ओदेमार पिगे, पातेक फिलिप आणि वाशेरॉन कॉन्स्टन्टॅन या तिघांनी. जेराल्ड जेन्टाने आरेखलेलं ओदेमार पिगेचं १९७२ चं रॉयल ओक, त्यानेच आरेखलेलं पातेकचं १९७६ चं पहिलं नॉटिलस आणि १९७७ चं वाशेरॉनचं २२२, ही आज एकमेकांची स्पर्धक म्हणून नावाजलेली तिन्ही घड्याळं. तिघांच्या पोटात एकाच आईचं मशीन होतं.

तारीख जोडल्यावर ओदेमार पिगेने त्याला २१२१ नाव दिलं. जाडी ३.०५ मिमी. ठोके तासाला १९,८००. सेकंद काटा नाही. तारीख झटकन बदलायची सोय नाही, चार दिवस घड्याळ बंद राहिलं की काटे फिरवत बसा. आकड्यांच्या तक्त्यात हे मशीन सपशेल नापास. तरी ते "जम्बो" रॉयल ओकमध्ये पन्नास वर्षं टिकलं, कारण त्याला सांगितलेलं काम एकच होतं: पातळ राहा. रोटरची कड माणकाच्या छोट्या रुळांवर फिरते, अशी त्यात सोय होती, म्हणजे मधल्या आसावर भार येत नाही आणि जाडी वाढत नाही.

२०२२ मध्ये त्याच्या जागी ७१२१ आलं. २८,८०० ठोके, कमान भरली की ५५ तास चाल, तारीख झटकन बदलते, जाडी ३.२ मिमी. सोयीत नवं सरस आहे यात वाद नाही. पण मला विचाराल तर जुनं मशीन भिंगाखाली जास्त देखणं दिसतं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तारखेसाठी काटे फिरवायची माझी तयारी आहे. तुमची आहे का, हे तुम्ही ठरवायचं.

पायरी ३: ठोके आणि तास एकत्र वाचा

नवखा माणूस इथे हमखास फसतो. मीही फसलो होतो. "सेकंदाला दहा ठोके" असं ऐकून एकदा नुसत्या त्या आकड्याच्या प्रेमात पडलो होतो.

हिशोब सोपा आहे. १८,००० म्हणजे सेकंदाला ५ ठोके, २१,६०० म्हणजे ६, २५,२०० म्हणजे ७, २८,८०० म्हणजे ८ आणि ३६,००० म्हणजे १०. ठोके वाढले की धक्का लागल्यावर बॅलन्स लवकर सावरतं, मनगटावर वेळ स्थिर राहतो आणि सेकंद काटा जास्त सुळसुळीत सरकतो. पण प्रत्येक ठोक्याला ताकद लागते आणि प्रत्येक ठोक्याला थोडी झीज होते. २८,८०० चं मशीन वर्षाला २५ कोटींहून जास्त ठोके देतं. म्हणून ठोक्यांचा आकडा पॉवर रिझर्व्हच्या, म्हणजे भरलेली कमान किती तास चालते त्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायचा.

याचा उघडावाघडा नमुना महागड्या घड्याळांत नाही, मधल्या किमतीत सापडतो. ईटीए २८२४-२ हे स्विस घड्याळांतलं बैलगाडीच्या बैलासारखं भरवशाचं मशीन: २८,८०० ठोके, साधारण ३८ तास. त्याच पायावर स्वॉच समूहाने पॉवरमॅटिक ८० बेतलं. तास ८० झाले, पण ठोके २१,६०० वर आले. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी चालू सापडतं, हा फायदा खरा. तो कशाच्या बदल्यात आला तेही डोळ्यांसमोर असू द्या.

वरच्या किमतीतले कारखाने हा सौदा जरा हुशारीने करतात. रोलेक्सचं ३१३५ (१९८८) २८,८०० ठोक्यांचं आणि ४८ तासांचं होतं. २०१५ चं ३२३५ तेवढ्याच ठोक्यांवर ७० तास चालतं. ते कसं जमलं? बॅरलच्या भिंती पातळ करून लांब कमानीला जागा केली, आणि क्रोनर्जी नावाच्या नव्या घडणीच्या एस्केपमेंटने वाया जाणारी ताकद वाचवली. ग्रँड सेइकोचं ९एसए५ (२०२०) तर ३६,००० ठोक्यांवर ८० तास देतं. आधीच्या ९एस८५ चे होते ५५. त्यासाठी त्यांनी दोन बॅरल घातले आणि पूर्ण नवी एस्केपमेंट बांधली. शिवाय चक्रांची मांडणी एकावर एक न ठेवता पसरट केली, म्हणून जाडीही कमी झाली. हे खरं अभियांत्रिकीचं काम. कुठलीतरी एक गोष्ट खाली करून आकडा फुगवण्याला मी तेवढे गुण देत नाही.

ओमेगाची गोष्ट वेगळ्याच वाटेने जाते. इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्सने को-ॲक्सिअल एस्केपमेंट शोधली, ती ओमेगाने १९९९ मध्ये बाजारात आणली. नेहमीच्या लिव्हर एस्केपमेंटमध्ये दाता माणकावर घासत सरकतो आणि तिथलं तेल वाळलं की चाल बिघडते. को-ॲक्सिअलमध्ये घासणं कमी, ढकलणं जास्त. ओमेगाने सुरुवातीला त्यातही २८,८०० ठोके ठेवले होते, नंतर ते २५,२०० वर आणले. आकडा कमी झाला म्हणून मशीन मागे गेलं, असं म्हणणाऱ्याला ही एस्केपमेंट कळलेली नाही.

पायरी ४: बॅलन्सकडे बघा, आणि लोहचुंबकाची गोष्ट

काचेच्या पाठीतून मशीन दिसत असेल तर सगळ्यात आधी बॅलन्स शोधा. त्याच्या वर अधिक-उणे खुणांची छोटी दांडी दिसली तर तो रेग्युलेटर. दांडी सरकवली की हेअरस्प्रिंगची चालती लांबी बदलते आणि घड्याळ पुढे-मागे करता येतं. दांडी नसेल आणि बॅलन्सच्या कडेवर बारीक वजनं किंवा नट असतील, तर ते "फ्री-स्प्रंग". रोलेक्स त्या नटांना मायक्रोस्टेला म्हणतं, पातेकच्या चकत्यांचं नाव जायरोमॅक्स. फ्री-स्प्रंगला वेळ लावणं कटकटीचं, पण एकदा लावला की धक्क्याने हलत नाही. महाग मशीनमध्ये मी हे असावंच अशी अपेक्षा धरतो.

मग बॅलन्स एका बाजूच्या टेकूवर आहे की दोन्हीकडून आधार असलेल्या पुलाखाली, ते बघा. रोलेक्सच्या ३२३५, ओमेगाच्या ८९०० आणि ग्रँड सेइकोच्या ९एसए५ मध्ये पूर्ण पूल आहे. पातळ, नजाकतीच्या मशीनमध्ये बहुधा एका बाजूचा टेकू. तिथे तो दोष धरू नका, जात वेगळी आहे.

आता हेअरस्प्रिंग कशाची आहे. माझं एक घड्याळ एका आठवड्यात अचानक दिवसाला पाऊण मिनिट पुढे पळायला लागलं. मशीन बाद झालं, असं धरूनच मी पेठेतल्या नेहमीच्या काकांकडे गेलो. त्यांनी झाकणही उघडलं नाही. खणातून शाळेच्या कंपासपेटीतलं असावं तसं एक होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्या जवळ नेलं. सुई नाचली. "रात्री कुठे ठेवता हे?" मी म्हटलं, टेबलावर, स्पीकरशेजारी. त्यांनी एका निळ्या डबीवर घड्याळ धरलं, बटण दाबलं आणि सावकाश वर उचललं. दहा सेकंदांत काम झालं. पैसे घेतले नाहीत, "स्पीकर हलवा" एवढंच म्हणाले.

झालं होतं असं: हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले, कमान जणू आखूड झाली आणि बॅलन्स भरभर झुलायला लागलं. हल्ली फोनची झाकणं, लॅपटॉप, पर्सची बटणं, सगळीकडे चुंबक आहे. म्हणून चुंबकाला दाद न देणारी सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (ओमेगा, पातेक) किंवा रोलेक्सची पॅराक्रोम हा रोजच्या वापरातला खरा फायदा. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गाउसच्या चुंबकीय क्षेत्रात तपासली जातात.

याचंही मोल द्यावं लागतं. सिलिकॉन वाकत नाही, मोडतं. धातूची वाकडी झालेली हेअरस्प्रिंग चांगला कारागीर चिमट्याने सरळ करतो. सिलिकॉनची फक्त बदलायची, आणि ती कंपनीच देणार.

पायरी ५: दाखल्यांवरचे सेकंद

दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात दोन सेकंदांची चूक म्हणजे टक्क्याचा फार छोटा अंश, हे लक्षात ठेवा आणि मग दाखले वाचा.

सीओएससी ही स्विस संस्था उणे ४ ते अधिक ६ सेकंद ही मर्यादा लावते: १५ दिवस, पाच स्थिती, आणि ८, २३, ३८ अंश ही तीन तापमानं. (नागपूरकरांनी त्या ३८ वर हसू नये.) पण ही परीक्षा सहसा उघड्या मशीनची असते. रोलेक्स २०१५ पासून केसमध्ये बसवलेल्या घड्याळाला उणे २ ते अधिक २ लावतं. ती मात्र त्यांची घरची परीक्षा. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटरला मेटास ही स्विस सरकारी संस्था ० ते अधिक ५ लावते आणि कमान पूर्ण भरलेली असताना व एक तृतीयांश उरलेली असताना, अशी दोनदा तपासते. मला हा मुद्दा सगळ्यात पटतो. भरल्या पोटी कोणीही सरळ चालतं. ग्रँड सेइकोची परीक्षा १७ दिवसांची, सहा स्थितींत, उणे ३ ते अधिक ५.

जिनिव्हाचा शिक्का, पॉन्सॉं द जनेव्ह, हा १८८६ च्या कायद्याने आला. त्याचा भर पूर्वापार कारागिरीवर आणि घड्याळ त्या प्रांतात घडण्यावर आहे. सेकंदांच्या दाखल्याशी त्याची गल्लत करू नका.

पायरी ६: भिंग लावा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण महाग घड्याळातले निम्म्याहून जास्त पैसे इथे जातात आणि नेमकं हेच तक्त्यात येत नाही.

आधी एक धडा. लेमानिया २३१० नावाचं क्रोनोग्राफचं मशीन, व्यास २७ मिमी, मूळचं १९४० च्या दशकातलं. ओमेगाने ते ३२१ म्हणून स्पीडमास्टरमध्ये वापरलं, चंद्रावर १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिनच्या मनगटावर गेलं ते हेच. पातेकने त्याच पायावर सीएच २७-७० केलं आणि ३९७० सारख्या पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणाऱ्या) क्रोनोग्राफमध्ये घातलं. वाशेरॉनचं ११४१ हेही त्याच घराण्यातलं. तिघांची मांडणी जवळपास एक, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. तिन्हींचे मोठे फोटो समोर ठेवा. ओमेगाच्या ब्रिजवर, म्हणजे चक्रांना वरून धरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, तांबूस मुलामा आहे, कडा कामापुरत्या. पातेकमध्ये त्याच पट्ट्यांची प्रत्येक कड तिरपी घासून आरशासारखी केलेली आहे. बॅलन्सही पातेकने स्वतःचं जायरोमॅक्स बसवलंय. हे फरक डोळ्याला दिसायला लागले की तुम्ही किमतीचा अर्थ लावायला शिकलात.

दहा पटींचं साधं भिंग पुरतं. या क्रमाने बघा.

ब्रिजच्या कडा: तिरपी, चकाकती पट्टी एकसारख्या रुंदीची आहे का? मग आतला कोपरा शोधा, म्हणजे दोन तिरप्या कडा आतल्या बाजूला टोकदार मिळतात ती जागा. यंत्राचं फिरतं हत्यार तिथे गोलाई सोडतं. टोकदार कोपरा हाताने, कानशीने आणि लाकडाच्या काडीनेच निघतो. स्वित्झर्लंडच्या झू खोऱ्यातला घड्याळजी फिलिप द्युफूर या कामासाठी तिथल्याच जेन्शन नावाच्या रोपाचं वाळलेलं लाकूड वापरतो. एकही आतला कोपरा नसलेलं आरेखन म्हणजे बऱ्याचदा ते कष्ट टाळलेले.

स्क्रूची डोकी: सपाट, आणि खाचेच्या कडाही घासलेल्या हव्यात. घड्याळ हळूहळू तिरपं करा. उत्तम पॉलिश केलेलं पोलाद एका कोनात पांढरं झळकतं आणि केसभर हलवलं की एकदम काळं होतं. मधला राखाडी रंग दिसला तर पॉलिश कमी प्रतीचं.

जिनिव्हाच्या पट्ट्या (ब्रिजवर नक्षी म्हणून काढलेल्या समांतर रेघा): एका ब्रिजवरून शेजारच्या ब्रिजवर जाताना रेघ तुटते का?

जर्मनीतल्या ग्लासहुटेचं लांगे ऊंड झोन या खेळात वेगळीच तऱ्हा ठेवून आहे. १८४५ चं हे घर, पूर्व जर्मनीच्या काळात सरकारजमा झालं आणि १९९० मध्ये वॉल्टर लांगे यांनी पुन्हा उभं केलं. ते ब्रिजला मुलामा न दिलेलं जर्मन सिल्व्हर वापरतात. हा मिश्रधातू काळाबरोबर मधासारखा पिवळसर होत जातो, सुंदर दिसतो, पण बोटाचा ठसा उमटला की डाग कायमचा. म्हणून तिथे प्रत्येक मशीन दोनदा जोडतात. एकदा जुळवून, सुटं करून, शेवटचा हात फिरवायचा आणि मग पुन्हा जोडायचं. बॅलन्सच्या टेकूवर हाताने कोरलेली वेलबुट्टी असते आणि ती कोणाच्या हातची हे तिथल्या कारागिरांना ओळखता येतं. त्यांची तीन-चतुर्थांश पाट (मशीनचा पाऊण भाग झाकणारी एकच पाट) ही जुनी सॅक्सन रीत मशीनला मजबुती देते. मात्र दुरुस्तीवाल्याला ती लावताना सगळ्या चक्रांचे आस एकाच वेळी भोकांत बसवावे लागतात. घाम फुटतो.

रोलेक्सचं मागचं झाकण वर्षानुवर्षं बंदच. काचेची पाठ दिली ती अलीकडे, २०२३ च्या पर्पेच्युअल १९०८ सारख्या मोजक्या घड्याळांना. आत कोरीवकाम नाही म्हणून ३२३५ ला नावं ठेवणं म्हणजे टेम्पोला रथाची झूल नाही म्हणून रुसणं. त्यांनी पैसा दुसरीकडे घातलाय.

आणि टूर्बिलॉन, म्हणजे बॅलन्स आणि एस्केपमेंट एका पिंजऱ्यात घालून गोल फिरवणारी रचना. ब्रेगेने २६ जून १८०१ ला पेटंट घेतलं ते खिशात तासन्तास उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. मनगट दिवसभर हलतंच. आज तो कारागिरीचा पुरावा म्हणून घ्या, अचूकतेसाठी पैसे मोजू नका.

पायरी ७: क्रोनोग्राफ असेल तर

दोन गोष्टी बघा. बटणाचा हुकूम कोण पाळतं: बुरुजासारखे खांब असलेली कॉलम व्हील, की चपटा कॅम? आणि चालतं चक्र सेकंद काट्याला कसं जोडलं जातं: बाजूने येऊन दात भिडवून, की वरून क्लचसारखं दाबून? कॉलम व्हीलचं बटण लोण्यासारखं दबतं, कॅमचं जरा टणक. बाजूने भिडणाऱ्यात काटा सुरू होताना कधी कधी उडी मारतो, पण काचेतून ते नाटक बघायला फार छान. लांगेचं १९९९ चं डेटोग्राफ त्यासाठीच लोक बघतात. त्याचं पहिलं मशीन फक्त ३६ तास चालायचं, कोणीही तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

झेनिथचं एल प्रिमेरो १० जानेवारी १९६९ ला जाहीर झालं, ३६,००० ठोक्यांचं. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत मालकांनी उत्पादन बंद करून हत्यारं भंगारात काढायला सांगितली, तेव्हा शार्ल व्हर्मो या कारागिराने १९७५ मध्ये ती ल लोकलच्या कारखान्यात माळ्यावर लपवली. पुढे रोलेक्सने १९८८ मध्ये आपल्या डेटोना क्रोनोग्राफसाठी हेच मशीन घेतलं, आणि घेताच ठोके २८,८०० वर उतरवले. २००० मध्ये त्यांचं स्वतःचं ४१३० आलं: वरून दाबणारा क्लच, ७२ तास. दहा ठोक्यांवर भाळणाऱ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो.

पायरी ८: टाइमग्राफर, आणि घरची परीक्षा

दुरुस्तीवाल्यांकडे छोट्या पडद्याचं यंत्र असतं. घड्याळ त्याच्या माइकवर अडकवलं की ते टिकटिक ऐकून ठिपक्यांच्या दोन रेघा काढतं. रेघा आडव्या म्हणजे वेळ बरोबर, वर चढत्या म्हणजे घड्याळ पुढे. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे बीट एरर, बॅलन्सचा झोका दोन्हीकडे सारखा आहे का ते. तो एक मिलिसेकंदाच्या बराच आत हवा. तिसरा आकडा ॲम्प्लिट्यूड, म्हणजे झोका किती अंशांचा. पूर्ण चावी दिलेलं, तबकडी वर ठेवलेलं निरोगी मशीन साधारण २७० ते ३१० दाखवतं. उभं धरलं की थोडं उतरतं.

एक खुबी: यंत्रात "लिफ्ट अँगल" भरावा लागतो, म्हणजे एका ठोक्यात बॅलन्स जितके अंश एस्केपमेंटच्या संपर्कात फिरतं तो कोन. बहुतेक यंत्रांत तो ५२ ठेवलेला असतो. ओमेगाच्या को-ॲक्सिअलला ३८ लागतो, रोलेक्सच्या ३२३५ ला ५५. चुकीचा कोन भरला की ॲम्प्लिट्यूडचा आकडा खोटा येतो आणि चांगलं मशीन आजारी ठरतं, नाहीतर उलट.

घरच्या परीक्षेला काहीच लागत नाही. फोनच्या घड्याळाशी सेकंद जुळवून वहीत लिहा, सात दिवस रोज त्याच वेळी फरक नोंदवा. मग रात्री ठेवण्याची स्थिती बदलून बघा: तबकडी वर, चावी वर, चावी खाली. दिवसभर चार सेकंद पुढे जाणारं घड्याळ रात्री चावी वर ठेवून तीन सेकंद मागे पडत असेल, तर तुम्हाला जवळजवळ अचूक घड्याळ फुकटात मिळालं.

पायरी ९: घेण्याआधी विचारायचे प्रश्न

दुरुस्ती कुठे होईल? मशीन परदेशी पाठवावं लागणार असेल तर महिने मोजायची तयारी ठेवा. पाच ते दहा वर्षांतून एकदा उघडून धुणं-तेल करावंच लागतं. त्या खर्चाचा अंदाज घेऊन मगच किंमत "परवडते" म्हणा. क्रोनोग्राफ एकसंध आहे की साध्या मशीनवर वरून जोड बसवलाय, तेही विचारा. जोडाचं काम करायला पुष्कळ जण नाही म्हणतात.

भाच्याने शेवटी नवं घेतलं नाही. एक वापरलेलं बघितलं आणि विक्रेत्याकडे टाइमग्राफरचे फोटो मागितले. आला एकच, पूर्ण चावी दिलेला: २९० अंश, अधिक २ सेकंद. तो खूश. मी म्हटलं, चावी न देता चोवीस तास ठेवून पुन्हा काढायला सांग, तबकडी वर एक आणि चावी खाली एक. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आले: १९५ आणि १७०. म्हणजे तेल वाळलेलं. त्याने ओव्हरहॉलिंगचे पैसे वजा करून भाव सांगितला आणि तेवढ्यालाच घेतलं. सध्या ते घड्याळ काकांच्या टेबलावर सुटं पडलंय, चक्रं बशीत आहेत, आणि हा रोज संध्याकाळी बघायला जातो.